यंत्राची साथ

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे ह्यांची 'शीळ' ही कविता महाराष्ट्राने आधी वाचली आणि मग ऐकली, असे झाले नाही. बहुतेकांनी ती आधी ऐकली. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी ह्या तरुण गायकाने ती हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीसाठी गाइली, आणि त्या तबकडीपासूनच मराठी भावगीताचा आरंभ मोजण्याची पुष्कळांची रीत आहे. कवीचा त्याच नावाचा संग्रह १९५४ साली निघाला. म्हणजे पुस्तक हाती येण्यापूर्वी वीसेक वर्षे ते गाणे लोकांच्या ओठी होते. पुढे कवीने मेहकरास वकिली केली, बुलढाणा जिल्हा सोडून ते कोठे फारसे गेले नाहीत, आणि १९८६ साली 'खूणगाठी' ह्या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हाही त्यांचे नाव निघताच लोकांना आठवली ती 'शीळ'च. कवी जागचा हलला नाही आणि त्याचे गाणे मात्र मुंबईपर्यंत जाऊन परत आले, ही किमया एका यंत्राची होती.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, कला आणि यंत्र हा विषय निघाला म्हणजे लेखकाचा पक्ष कोणता असणार हे वाचकाने गृहीत धरलेले असते. आम्ही त्या पक्षाचे नाही. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास गाणे मावत असे. तेवढ्यात ते आटोपावे लागे, आणि ह्या सक्तीने मराठी गाण्याला एक नवा घाटच दिला. ज्यांच्या घरी फोनोग्राफ होता त्यांच्या घरच्या मुली ते गाणे ऐकून शिकल्या आणि हळदीकुंकवाला गाऊ लागल्या. यंत्रामुळे गाणारे गळे कमी झाले नाहीत, वाढले.

परंतु त्या यंत्रात आणि आजच्या यंत्रात एक महत्त्वाचा फरक आहे. तबकडी वाजे ती मैफलीच्या बाहेर, मैफल नसताना. गाणारा माणूस समोर बसला आहे आणि त्याच्या शेजारी तबकडी लावली आहे, असे कोणी करीत नसे. आजचे डिजिटल यंत्र खुद्द मैफलीत येऊन बसले आहे. चिखली, खामगाव, मेहकर अशा गावांतील संगीताचे वर्ग पाहा. तंबोरा मोबाईलमध्ये असतो, तबल्याचा ठेकाही तेथेच असतो. गाण्याच्या कार्यक्रमात व्हायोलिन, बासरी, ढोलकी आणि मागचा समूहस्वर हे सारे आधी ध्वनिमुद्रित करून आणलेल्या ट्रॅकवर असते. व्यासपीठावर गायक एकटा उभा असतो. नाटकाच्या रंगविलेल्या पडद्याच्या जागी प्रकाशाच्या ठिपक्यांची भिंत आली. कित्येक देवळांत आरतीच्या वेळी नगारा आणि घंटा मोटारीवर वाजतात. पुजाऱ्याने बटण दाबावे आणि पाचजणांचे काम एका पेटीने करावे. ह्यांपैकी काही गोष्टी डिजिटल आहेत, काही नुसत्या विजेच्या आहेत, पण प्रश्न सर्वांचा एकच आहे. प्रत्यक्ष समोर घडणारी जी कला, तिच्यात यंत्राने किती जागा घ्यावी, आणि त्या जागेवर जो माणूस होता त्याचे आपण काय देणे लागतो?

केवळ कानाला गोड लागते की नाही, ह्या कसोटीने हा प्रश्न सुटत नाही. कानाची कसोटी लावली तर यंत्र बहुधा जिंकेल. १९७९ च्या सुमारास बंगळूरला विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला, त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. त्याचा सूर उतरत नाही, तारा तुटत नाहीत, पावसाळ्यात तो भोपळ्याप्रमाणे जपावा लागत नाही. एकटा रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला तो वरदानच आहे, आणि तालुक्याच्या गावी राहून शिकणाऱ्या मुलीस तर त्याच्याविना गत्यंतर नाही. तथापि मैफलीत गवयाच्या पाठीमागे तंबोरा घेऊन जो शिष्य बसत असे, तो केवळ तारा छेडण्यासाठी बसत नसे. बुवा एखादी जागा कशी घेतात, समेवर येण्यापूर्वी श्वास कोठे घेतात, गर्दी पेंगू लागली म्हणजे काय करतात, हे त्याला हातभर अंतरावरून दिसे. मधूनच बुवा मान वळवीत आणि त्याने स्वर लावावा लागे. तंबोऱ्यामागची ती बैठक ही एक शाळा होती, आणि पेटी आली तेव्हा ती शाळा कोणी ठराव करून बंद केली नाही. तिची जागाच नाहीशी झाली. अशा हानीचा हिशेब कोठेच लिहिला जात नाही, म्हणून ती झाली हेही पुष्कळ काळ कळत नाही.

साथ हा शब्द आपण सहज वापरतो. साथ करणारा आधी ऐकतो आणि मग वाजवितो. गायकाचा दम आज कमी आहे हे तबलजीला पहिल्या दहा मिनिटांत कळते आणि तो लय किंचित सांभाळतो. गायक रंगात आला म्हणजे तोच एखादा तुकडा टाकून त्याला डिवचतो. कीर्तनकाराच्या तोंडून प्रमाणाचा अभंग निघाला की मागचे टाळकरी त्याचे ध्रुपद उचलतात. एखाद्या वेळी बुवा ऐन भरात दृष्टांत लांबवितात, तेव्हा मृदंगी हात आवरून नुसता पाहत राहतो. ट्रॅक असा थांबत नाही. गायकाला ठसका लागला, समोर एखाद्या म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आले, एका ओळीवर श्रोत्यांनी 'पुन्हा' म्हटले, तरी तो आपल्या वेळेवर पुढे जातो, आणि गायकास त्याच्या मागून धावावे लागते. साथीदार गायकामागे चालावयाचा तो क्रम येथे उलटा होतो; गायकच यंत्राची साथ करू लागतो.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. आजची यंत्रे ऐकूही लागली आहेत. गायकाच्या लयीप्रमाणे मागेपुढे होणाऱ्या योजना निघाल्या आहेत, त्या दिवसेंदिवस सुधारतील, आणि उद्या एखादे यंत्र तबलजीहून अधिक सावधपणे ऐकेल. मग तुमची तक्रार काय? आमचे उत्तर असे की, साथीदाराचे ऐकणे आपल्याला मोलाचे वाटते, कारण न ऐकण्याची मोकळीकही त्याच्यापाशी असते. तो रागावू शकतो, कंटाळू शकतो, 'आज बुवांचे काही जमत नाही' असे त्याच्या चेहऱ्यावर उमटू शकते. म्हणूनच त्याने मान डोलावली म्हणजे गाणाऱ्याला काहीतरी मिळते. ज्याला नकार देता येत नाही त्याचा होकार घेऊन काय करावयाचे? यंत्र कितीही चतुर झाले तरी त्याच्याकडून दाद मिळविण्याचा आनंद घेता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील गावोगाव जे हरिनाम सप्ताह होतात, त्यांत ह्या विचाराचे एक ठळक उदाहरण आहे. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा क्रम असतो. आणि ह्या सर्व काळात मंडपातील वीणा जमिनीवर टेकू द्यावयाची नाही, असा नेम असतो. गावकरी पहारे वाटून घेतात. रात्री दोन वाजता एकाने उठून दुसऱ्याच्या गळ्यातील वीणा आपल्या गळ्यात घ्यावयाची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडावयाचे, आणि पहिल्याने घरी जाऊन निजावयाचे. वीणा घेणारा गवई असलाच पाहिजे असे नाही, बहुधा नसतोच. दिवसा औताला जाणारा, दुकानात बसणारा, शाळेत शिकविणारा असा कोणीही असतो. त्या प्रहरी ऐकावयास मंडपात कधी दोन माणसे असतात, कधी एकही नसते.

आता कल्पना करा की कोणी सुचविले, मोबाईलमधील तंबोरा लाउडस्पीकरला जोडून द्यावा; तो सात दिवस काय, सात महिने अखंड वाजेल, एका क्षणाचाही खंड पडणार नाही, आणि सूर गावच्या वीणेहून शुद्ध असेल. सूचना ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना हसू येईल, पण ते का आले हे शब्दांत सांगणे त्यांना जड जाईल. आमच्या समजुतीप्रमाणे कारण असे आहे. तो नेम माणसाचा हात दुखतो म्हणून आहे. डोळ्यांवर झोप येते, थंडी वाजते, घरी जावेसे वाटते, आणि तरी पुढचा माणूस येईपर्यंत वीणा खाली ठेवावयाची नाही, हेच त्या पहाऱ्याचे द्रव्य होय. जे थकतच नाही त्याला जागता पहारा करता येत नाही; ते नुसते चालू असते. मध्यरात्री गळ्यात वीणा असलेला तो माणूस कलावंत आहे की नाही ह्याचा वाद आम्ही घालीत नाही. परंतु समोर घडणाऱ्या प्रत्येक कलेत ह्या पहाऱ्याचा एक अंश असतो, असे आम्हांस वाटते. नट शब्द विसरू शकतो, गायिकेचा स्वर फाटू शकतो, मृदंगाची शाई ऐन वेळी दगा देऊ शकते. हे होऊ शकत असताना ते होऊ न देण्यासाठी कोणीतरी झटत आहे, हे पाहण्यासाठी आपण घर सोडून मंडपात जातो. निर्दोष गाणे हवे असेल तर ते घरी आहेच.

येथे इतिहास आमच्या विरुद्ध साक्ष देतो, ती ऐकून घेतली पाहिजे. बाजाची पेटी परदेशातून आली. तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, असा तिच्यावर दोषारोप होता, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दाराबाहेर काढले. ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडले. मधल्या काळात गावच्या भजनी मंडळाने कोणास न विचारता पेटी आपलीशी करून टाकली होती. माईक आला तेव्हाही जुने रंगभूमीभक्त हळहळले; शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा कमावलेला आवाज आता कोण कमावील, अशी त्यांची चिंता होती, आणि खरे सांगावयाचे तर ती चिंता खोटी ठरली नाही. तसा आवाज पुष्कळांशी दुर्मिळ झाला. पण माईकमुळेच हळू, जवळून, कानाशी बोलल्यासारखे गाणे शक्य झाले, आणि भावगीताला तेच हवे होते. म्हणून नवे ते निषिद्ध, असा नियम आम्ही करीत नाही. पेटीचा भाता हाताने हलवावा लागतो आणि तिच्या पट्ट्यांवर बोटे फिरवावी लागतात. माईक आवाज वाढवितो, पण मुळात आवाज असावा लागतो. ह्या वस्तूंनी माणसाच्या हातात काही दिले. मोटारीचा नगारा माणसाच्या हातातून टिपरू काढून घेतो. हा भेद नेहमीच इतका स्पष्ट असतो असे नाही; मोबाईलमधील ठेका रियाजाच्या खोलीत पहिल्या वर्गात बसेल आणि कार्यक्रमाच्या व्यासपीठावर दुसऱ्या.

मोटारीच्या नगाऱ्याला तरी दोष किती द्यावा? तो ज्या देवळात आला, तेथे आरतीला हात उरले नव्हते म्हणून आला. पोरे पुण्याला कारखान्यात, मुंबईला, सुरतेला. गुरवाच्या मुलाने नोकरी धरलेली. सायंकाळच्या आरतीला पुजारी आणि दोन म्हाताऱ्या. यंत्राने वाजविणाऱ्यांना हाकलले नाही. रिकाम्या झालेल्या जागेत ते येऊन बसले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण सुशिक्षित रसिकांच्या लिहिण्यात ती सहसा येत नाही. गावातील हलगी, डफडे, संबळ, सनई वाजविणारे हात कोणत्या घरचे होते, आणि त्या वाजविण्याचा मोबदला म्हणून त्यांना काय मिळत असे, हे आपण विसरून चालणार नाही. लग्नाच्या वरातीपुढे वाजवावे आणि पंगतीला मात्र सर्वांच्या शेवटी, दूर बसावे, ही त्यांची कलासेवा होती. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची मानहानीची कामे टाकून देण्यास शिकविले, ते योग्यच झाले. ज्या तरुणाने बापाची हलगी खुंटीला टांगून ध्वनियंत्रणेचे दुकान काढले, किंवा की-बोर्ड शिकून वाद्यवृंदात जागा मिळविली, त्याला 'परंपरा सोडलीस' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? परंपरेचा कळवळा ज्यांना काही द्यावे लागत नाही त्यांनाच अधिक येतो. आणि हेही ध्यानात घ्यावे की, आंबेडकरी जलसे आणि भीमगीते ह्यांनी पेटी, ढोलकी, माईक, पुढे कॅसेट, ह्यांपैकी कशाचाही विटाळ मानला नाही. जे साधन हाती आले त्याने आपले म्हणणे दूरवर पोहोचविले. ह्या दृष्टीने पाहता वाजविणाऱ्याला मान आणि पोटभर मोबदला न देता केवळ यंत्राला शिव्या देणे हा एक स्वस्त सदाचार आहे. ज्या मंडळाने वर्गणीतून पडद्याच्या भाड्याला हजारो रुपये दिले आणि मृदंग्याला नारळ व टॉवेल दिला, त्या मंडळाला आम्ही आधी प्रश्न विचारू.

फसवणुकीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो त्या मानाने सोपा आहे. बाबासाहेब पुरंदरे ह्यांच्या 'जाणता राजा' ह्या महानाट्यात संवाद व संगीत आधी मुद्रित केलेले असे आणि मैदानावरील शेकडो पात्रे त्यावर अभिनय करीत. हत्तीघोडे आणि भव्य देखावा पाहावयास आलेल्या प्रेक्षकाला ह्यात फसविले गेल्यासारखे वाटले नाही. एवढ्या विस्तारावर दुसरे काय शक्य होते, हे तोही समजून होता. उलट १९९० साली मिली व्हॅनिली ह्या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेतले गेले, कारण ज्या गळ्यांसाठी ते दिले ते गळे त्यांचे नव्हते. तेव्हा मुद्रित आवाजावर ओठ हलविणे हे पाप नसून, ओठ हलवीत असताना 'मी गात आहे' असे भासविणे हे पाप आहे. तिकिटावर किंवा निवेदनात एक वाक्य सांगितले तर ते धुऊन निघते. निवेदक इतके बोलत असतात. त्यांत हे एक वाक्य जड होऊ नये.

पण सर्वांना सर्व ठाऊक असले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय सिद्धीचा आहे. प्रयोग सिद्ध झाला हे कशावरून ओळखावे, ह्याची चर्चा करताना तो प्रेक्षकांकडे वळतो: त्यांचे स्मित, त्यांचे हसू, तोंडून निघालेले 'साधु', 'अहो', किंवा करुण प्रसंगी 'कष्टम्', अंगावरचे रोमांच. प्रेक्षक हा त्याच्या हिशेबी प्रयोगाचा एक भाग आहे, आणि त्याला योग्यताही असावी लागते. २०२० साली वारी पायी निघाली नाही, पादुका एस. टी. बसने पंढरीला गेल्या, आणि कीर्तनकार आपापल्या घरात मोबाईलच्या काचेसमोर उभे राहिले; तेव्हा ह्या अध्यायाचा अर्थ पुष्कळांना नव्याने कळला असेल. विनोद केला तर हसू नाही, गजर केला तर उत्तर नाही. बोटाएवढी चित्रे मात्र काचेवर वर वर तरंगत जातात. तरीही अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीला, किंवा समुद्रापलीकडच्या घरातील सुनेला, ते कीर्तन पोहोचले हे खरेच आहे, आणि त्यांच्या दृष्टीने ते न पोहोचण्यापेक्षा पोहोचणे शतपटीने बरे. त्यांच्या वाट्याचे ते सुख कोणी काढून घेऊ नये. चालता येणाऱ्या माणसानेही पारावरून उठून मंडपापर्यंत न जाता तेच सुख घ्यावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मृतांच्या आवाजाचा प्रश्न आता येऊन ठेपला आहे. २०२४ साली ए. आर. रहमान ह्यांनी 'लाल सलाम' ह्या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाकडून घडवून घेतले. कुटुंबियांची संमती घेतली आणि मोबदलाही दिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग ह्यांच्या आवाजाची अशी विनासंमती नक्कल करण्यास मनाई केली. कायदा आवाजाकडे मालमत्तेप्रमाणे पाहतो, आणि त्याला दुसरे करणे शक्यही नाही. पण संमती वारसांनी दिली तरी गाणे कोणी गाइले? स्वर कोठे लावावा, कोठे सोडून द्यावा, हे ज्याने ठरवावयाचे तो तेथे नसतो. अल्लादियाखाँ १९४६ साली गेले ते एकही ध्वनिमुद्रिका मागे न ठेवता. त्यांचा गळा कोणत्याही संगणकाला घडविता येणार नाही, कारण नमुनाच नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर जावयास निघाली. गुरूने यंत्राला काही दिले नाही; त्याने ते समोर बसलेल्या माणसाला दिले, आणि मग यंत्राने ते तिच्याकडून घेतले. हा क्रम आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

शेगावचे संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा असे साहित्य देत आले आहे, आणि त्या वाटपाचे महत्त्व लाउडस्पीकरच्या ह्या दिवसांत अधिकच आहे. टाळ कोणालाही वाजविता येतो. मृदंगाचे तसे नाही. त्याच्या डाव्या पुडीला दर वेळी ताजी कणीक मळून लावावी लागते, वाजवून झाली की ती काढून टाकावी लागते. ती किती सैल, किती घट्ट, हे पुस्तकातून येत नाही, शेजारी बसूनच येते. तेव्हा एखाद्या गावाने यंत्र घ्यावे की न घ्यावे, हे ठरविण्यापूर्वी गावकऱ्यांनी देवळाच्या खुंटीवरचा मृदंग खाली काढून पाहावा, आणि कणीक मळता येणारा माणूस गावात अजून कोण आहे, व त्याच्याजवळ बसावयास कोणाचा मुलगा किंवा मुलगी मोकळी आहे, ह्याची आधी चौकशी करावी.